शुष्क व लवणयुक्त अधिवासांतील कवके आणि आरोग्य : रामटेक परिसराच्या अनुषंगाने

ओल आणि बुरशी यांचे साहचर्य लोकव्यवहारात इतके रूढ आहे की एखादी वस्तू उन्हात नीट वाळविली किंवा मिठात मुरविली म्हणजे ती बुरशीपासून सुटली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वाळवण, लोणचे, खारवलेली मासळी आणि कोठारात भरलेले धान्य या सर्वांचा पाया हाच अनुभव आहे. तो बव्हंशी खराही आहे. परंतु कवकसृष्टीतील एक लहानसा वर्ग असा आहे की, इतर बहुतेक सूक्ष्मजीवांची वाढ जेथे थांबते तेथे त्याची वाढ सुरू होते. या वर्गातील काही जाती तर मीठ किंवा साखर विपुल नसेल तर वाढूच शकत नाहीत. शुष्कताप्रिय व लवणप्रिय अशी नावे असलेल्या या कवकांचे अधिवास आणि मानवी आरोग्याशी असलेला त्यांचा संबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी रामटेकचा परिसर हेतुतः घेतला आहे. नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरांवर असलेले हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथे मिठागरे नाहीत, लोणारसारखे खारे सरोवर नाही, किंवा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यासारखी खारी जमीनही नाही. उलट वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस, खिंडसीचा जलाशय आणि धानाची शेती असा हा मुलूख आहे. असे असूनही शुष्क व लवणयुक्त अधिवास तेथे घरोघरी आढळतात. कारण कवकाच्या दृष्टीने अधिवास म्हणजे काही चौरस सेंटिमीटरांचा पापुद्रा किंवा धानाचा एक दाणासुद्धा असू शकतो. अशा सूक्ष्म अधिवासांचा विचार केल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते : या कवकांकडून होणारा प्रत्यक्ष अपाय मर्यादित आहे, पण आपल्याहून घातक अशा दुसऱ्या कवकांना ती वाट मोकळी करून देतात, आणि खरा धोका त्या वाटेने येतो.

जलसक्रियता

पदार्थ कोरडा आहे की ओला, हे केवळ त्यातील पाण्याच्या टक्केवारीवरून ठरत नाही. ते पाणी सूक्ष्मजीवाला कितपत उपलब्ध आहे, हा निर्णायक प्रश्न असतो. मधात पाणी असते; परंतु ते शर्करेच्या रेणूंनी इतके बांधलेले असते की बहुतेक जीवाणूंना त्याचा उपयोग होत नाही. या उपलब्धतेचे मान म्हणजे जलसक्रियता. पदार्थावरील बाष्पदाबाला त्याच तापमानावरील शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाने भागले असता जी संख्या येते ती त्या पदार्थाची जलसक्रियता होय. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ असते. बंद पात्रात समतोल साधल्यानंतर पात्रातील हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल, तर पदार्थाची जलसक्रियता ०.७५ असते. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० नंतरच्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रात ही कल्पना प्रस्थापित केली आणि तेव्हापासून अन्नरक्षणाचा विचार या एककात होऊ लागला.

समुद्राच्या पाण्याची जलसक्रियता सुमारे ०.९८ असते. साध्या मिठाच्या १० टक्के द्रावणात ती ०.९३ ते ०.९४, २० टक्के द्रावणात सुमारे ०.८४ आणि संपृक्त द्रावणात ०.७५ इतकी उतरते. बहुसंख्य जीवाणूंची वाढ ०.९० च्या आसपास थांबते. नेहमीच्या बुरशांपैकी अनेकांची वाढ ०.८५ ते ०.८० या टप्प्यात संपते. जे. आय. पिट यांनी १९७५ साली सुचविलेल्या आणि आज सामान्यतः स्वीकारल्या जाणाऱ्या व्याख्येप्रमाणे, कोणत्या तरी एका परिस्थितीत ०.८५ हून कमी जलसक्रियतेवर जे वाढू शकते ते शुष्कताप्रिय कवक होय. या वर्गातही पायऱ्या आहेत. ॲस्परजिलस फ्लेव्हससारखी मध्यम कवके ०.८० च्या आसपास थबकतात. ॲस्परजिलस ग्लॉकस गटातील कवके ०.७१ ते ०.७५ पर्यंत, तर वॉलेमिया सेबी ०.६९ पर्यंत वाढते. झेरोमायसीस बायस्पोरस हे कवक ०.६१ पर्यंत तग धरते, आणि ॲस्परजिलस पेनिसिलिऑइडिस याच्या बीजुकांचे अंकुरण ग्लिसरॉलयुक्त माध्यमात ०.५८५ इतक्या खाली होते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. संपृक्त मिठाचे द्रावण ही जीवसृष्टीची सीमा नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

पाणी राखण्याची यंत्रणा

तीव्र द्रावणात पडलेल्या पेशीतील पाणी तर्षणाने बाहेर ओढले जाते आणि पेशी आक्रसते. याला शुष्कताप्रिय कवके जे उत्तर देतात ते तत्त्वतः साधे आहे : बाहेरच्या द्रावणाइतकेच तीव्र द्रावण पेशीच्या आत निर्माण करणे. मात्र आत मीठ साठविले तर विकरे निकामी होतील. म्हणून ही कवके ग्लिसरॉल, मॅनिटॉल, अरॅबिटॉल यांसारखी बहुहायड्रॉक्सी अल्कोहोले तयार करतात. ही संयुगे पाण्याला धरून ठेवतात, पण प्रथिनांच्या रचनेत ढवळाढवळ करीत नाहीत. सोडियम आयने बाहेर टाकणारे पंप, ग्लिसरॉल गळू न देणारे पटल, जाड पेशीभित्ती आणि काळ्या यीस्टांच्या बाबतीत मेलॅनिन यांची या कामी जोड मिळते.

या सर्वांसाठी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे अशा कवकांची वाढ फार मंद असते आणि सुपीक, ओलसर माध्यमावर ती इतर बुरशांशी स्पर्धा करू शकत नाहीत. जेथे प्रतिस्पर्ध्यांना प्रवेश नाही अशा जागाच त्यांच्या वाट्याला येतात. हा पारिस्थितिकीय मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

सागरकिनाऱ्यावरील पुरावा

या कवकांची ओळख प्रथम अन्नाच्या नासाडीतून झाली. १८८७ साली नॉर्वेमध्ये योहान-ओल्सेन यांनी खारवलेल्या मासळीवरील एका तपकिरी बुरशीला वॉलेमिया इक्थिओफागा, म्हणजे ‘मत्स्यभक्षक’ वॉलेमिया, असे नाव दिले. पुढे बराच काळ या वंशात वॉलेमिया सेबी ही एकच जाती मानली जात असे. २००५ साली पोलोना झालार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत तीन जाती असल्याचे दाखविले. त्यांपैकी इक्थिओफागा ही मिठावाचून वाढूच शकत नाही आणि मिठाच्या संपृक्त द्रावणापर्यंत वाढते. तत्पूर्वी २००० साली स्लोव्हेनियातील नीना गुंडे-सिमेरमन यांच्या गटाने सेचोव्लये येथील मिठागरांत काळ्या यीस्टांचा नैसर्गिक अधिवास असल्याचे सिद्ध केले होते. अतिखाऱ्या पाण्यात केवळ जीवाणू, आर्किया आणि ड्युनालिएला हे शैवल एवढेच राहतात, हा समज त्यामुळे मागे पडला.

आपल्याकडे गोव्यातील मिठागरांवर गोवा विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सरिता नाझरेथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या दृष्टीने मोलाचे आहे. मिठागरांतून आणि मांडवीच्या खाडीतून त्यांनी ॲस्परजिलस पेनिसिलिऑइडिसचे असे वाण मिळविले की ज्यांना वाढीसाठी मीठ अनिवार्य होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत या कवकाला खरेखुरे लवणप्रिय म्हटले आहे. हेच कवक धान्याच्या कोठारांत, घरातील धुळीत आणि जुन्या ग्रंथांच्या पुठ्ठ्यांवरही आढळते. मिठागर आणि धान्याचे कोठार या वरवर अगदी भिन्न दिसणाऱ्या जागा कवकाच्या दृष्टीने शेजारच्याच आहेत, ही गोष्ट या एका उदाहरणावरून पटते. समुद्रकाठावरून रामटेकसारख्या अंतर्भागातील गावाकडे वळण्याचे समर्थनही त्यातच आहे.

रामटेक परिसरातील सूक्ष्म अधिवास

(अ) भिंतींवरील लोणा. रामटेकचे हवामान दोन टोकांमध्ये फिरते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते; जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. जुन्या विटामातीच्या घरांत, गोठ्यांत आणि दगडी वास्तूंच्या तळभागात जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढते व आपल्याबरोबर क्षार आणते. पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. भिंतीला लोणा लागला, असे आपण म्हणतो तो हाच क्षार. तो सामान्यतः क्लोराइडे, सल्फेटे व नायट्रेटे यांचे मिश्रण असतो; गोठ्याच्या भिंतीत जनावरांच्या मूत्रामुळे नायट्रेटांचे प्रमाण वाढते.

प्रत्येक क्षार एका ठरावीक आर्द्रतेपलीकडे हवेतील बाष्प शोषून विरघळतो. साध्या मिठासाठी ही मर्यादा ७५ टक्के, सोडियम नायट्रेटसाठी सुमारे ७४ टक्के आणि कॅल्शियम नायट्रेटसाठी सुमारे ५० टक्के आहे. म्हणून उन्हाळ्यात पांढरी भुकटी दिसणारा लोणा पावसाळ्यात पाझरू लागतो आणि भिंतीवर संपृक्त द्रावणाचा पातळ थर तयार होतो. त्याची जलसक्रियता साधारण ०.७५ म्हणजे सामान्य बुरशीला वर्ज्य, पण शुष्कताप्रिय कवकांना मानवणारी असते. पोषणासाठी धूळ, तेलकट काजळी, चुन्यात मिसळलेली सेंद्रिय द्रव्ये आणि पूजाद्रव्यांचे कण पुरेसे होतात. रामगिरीवरील केवल-नरसिंह व रुद्र-नरसिंह यांसारख्या वाकाटककालीन मंदिरांच्या रक्षणाचा विचार करताना क्षार आणि कवक यांची ही जोडी एकत्र लक्षात घ्यावी लागते. क्षाराचे स्फटिक दगडाचे पापुद्रे सोडवितात आणि कवकतंतू त्या फटींत शिरतात. केवळ बुरशीनाशक लावून वा केवळ पृष्ठभाग धुऊन असा प्रश्न सुटत नाही. पाण्याने धुतल्यास क्षार अधिक खोल जातो आणि पुन्हा वर येतो.

(आ) वाळवण, लोणची व सुकी मासळी. चैत्र-वैशाखात घातलेले पापड, कुरडया, मूगवड्या आणि सांडगी मिरच्या भरताना पूर्ण कोरड्या असतात. परंतु त्यांतील मीठ व पापडखार बाष्पग्राही असल्यामुळे पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डब्यात त्यांची जलसक्रियता हळूहळू ०.७० च्या पुढे सरकते. वाळवणाला अधूनमधून ऊन दाखविण्याच्या घरगुती प्रथेचे शास्त्रीय मर्म येथे आहे. लोणच्यात मीठ, आम्ल, मोहरी आणि तेलाचा थर या चार अडसरांची योजना असते. तेल हवेला अडविते, आणि कवके प्राणवायूवाचून जवळजवळ वाढतच नाहीत. आरोग्याच्या कारणास्तव मीठ कमी करून तेच लोणचे त्याच पद्धतीने बाहेर ठेवले, किंवा बरणीत ओला चमचा गेला, तर या अडसरांपैकी एक निखळतो. अशा वेळी मीठ कमी केलेले लोणचे थंड जागी ठेवणे किंवा त्यातील आम्ल वाढविणे, हा तर्कशुद्ध उपाय होय.

आठवडी बाजारात येणारे सुकट व बोंबील समुद्रकाठचे असतात. मीठही बहुतांशी गुजरातच्या किनाऱ्यावरून येते. सागरी मिठात लवणसहिष्णु कवकांची जिवंत बीजुके असतात, असे युरोपातील मिठाच्या परीक्षणात आढळले आहे. किनाऱ्यावरील कवकसृष्टीचा काही अंश मिठाच्या व मासळीच्या रूपाने देशाच्या अंतर्भागात पोहोचत असतो, असे यावरून म्हणता येईल. मासळीवरील कॉफीच्या भुकटीसारखे तपकिरी ठिपके हे वॉलेमियाचे ओळखचिन्ह होय. अशी मासळी झटकून वापरण्यापेक्षा टाकणेच योग्य.

(इ) धान. आर्थिक व आरोग्यदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा अधिवास हाच होय. कापणीनंतर धानाचे पुंजणे शेतात राहते, मळणी होते आणि धान पोत्यांत, कोठीत वा खरेदी केंद्राच्या आवारात जाते. दीर्घकाळ सुरक्षित साठवणुकीसाठी धानाचा ओलावा १३ ते १४ टक्क्यांच्या आत, म्हणजे जलसक्रियता ०.६५ ते ०.७० च्या खाली असावी लागते. शासकीय खरेदीच्या निकषांत धानाच्या ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. या ओलाव्याला जलसक्रियता ०.८० च्या वर असते. याचा अर्थ निकषात बसणारे धानसुद्धा भरडाईपूर्वी दीर्घकाळ साठवायचे असेल, तर ते आणखी वाळविणे अवश्य आहे. १७ टक्के ही खरेदीची मर्यादा आहे. ती साठवणुकीची मर्यादा समजली जाऊ नये.

(ई) घरातील धूळ व ग्रंथ. गाद्या, गालिचे व कपाटे यांतील धुळीत ॲस्परजिलस पेनिसिलिऑइडिस आणि ॲस्परजिलस रेस्ट्रिक्टस नेहमी सापडतात. त्वचेच्या कोंड्यावर आधी ही कवके वाढतात आणि धुळीतील माइट त्या कोंड्यावर गुजराण करतात. ग्रंथालयांच्या बाबतीत इटलीतील अनुभव उद्बोधक आहे. जागा वाचविण्यासाठी बसविलेल्या दाटीच्या सरकत्या मांडण्यांत हवा खेळत नसल्यामुळे, खोलीची आर्द्रता मर्यादेत असतानाही, तेथे ॲस्परजिलस हॅलोफिलिकस या कवकाने ग्रंथांना ग्रासले. १९५९ साली प्रथम वर्णिलेले हे कवक त्या वेळी साठविलेल्या गव्हावर मिळाले होते. १९९७ पासून संस्कृत विद्यापीठ असलेल्या रामटेकसारख्या गावी पोथ्या व ग्रंथ यांच्या जतनाचा विचार करणाऱ्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल. खोलीच्या मध्यभागी टांगलेले आर्द्रतामापक भिंतीलगतच्या मांडणीतील हवेविषयी काही सांगत नाही.

पूर्वगामी आणि अनुगामी

अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्लाइड क्रिस्टेन्सन आणि हेन्री कॉफमन यांनी साठवणुकीतील धान्यावर केलेल्या प्रदीर्घ कामातून कवकांचा एक ठरावीक अनुक्रम स्पष्ट झाला. गव्हाचा ओलावा १४ ते साडेचौदा टक्के असताना प्रथम ॲस्परजिलस रेस्ट्रिक्टस दाण्याच्या अंकुरात शिरते. ते इतके सावकाश वाढते की नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. केवळ उगवणशक्ती घटते. त्यानंतर ॲस्परजिलस ग्लॉकस गटातील कवके येतात आणि पुरेसा ओलावा झाल्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस.

या अनुक्रमामागील कारण श्वसनात आहे. पिठूळ पदार्थाचे पूर्ण ज्वलन झाल्यास दर किलोमागे सुमारे ५५५ ग्रॅम पाणी निर्माण होते. साडेचौदा टक्के ओलावा असलेल्या एक क्विंटल धानातील केवळ एक किलो द्रव्य कवकांनी जाळले आणि ते पाणी आतच राहिले, तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय श्वसनाची उष्णता साचून ढिगाच्या आतील भाग तापतो. तेथील बाष्प बाहेरच्या थंड थरात जाऊन द्रवते आणि त्या थराचा ओलावा सरासरीपेक्षा कितीतरी वाढतो. पोत्यांच्या थप्पीची सरासरी १४ टक्के निघाली तरी तिच्या एखाद्या कोपऱ्यात १७ टक्के असू शकतात. कीटकांची वाढ झाल्यास त्यांच्या श्वसनाचीही भर पडते. अशा रीतीने शुष्कताप्रिय कवके स्वतःच्या अधिवासाचे शुष्कपण संपवितात आणि आपल्याहून वेगाने वाढणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसाठी जागा तयार करतात.

आरोग्याला असणारे धोके

या कवकांच्या रोगकारकतेला एक नैसर्गिक मर्यादा आहे. मानवी ऊतींची जलसक्रियता ०.९९ हून अधिक व तापमान ३७ अंश सेल्सियस असते. वॉलेमिया सेबी, ॲस्परजिलस पेनिसिलिऑइडिस आणि त्यांच्यासारखी पक्की शुष्कताप्रिय कवके सुमारे २५ ते ३० अंशांवर उत्तम वाढतात आणि ३७ अंशांवर सहसा वाढत नाहीत. म्हणून शरीराच्या आत त्यांचा संसर्ग विरळा होतो. तथापि पुढील तीन मार्गांनी आरोग्याला बाध येऊ शकते.

पहिला मार्ग श्वसनाचा. संसर्गासाठी बीजुक जिवंत असावे लागते. ॲलर्जीसाठी त्याची गरज नसते. ही बीजुके साधारणतः दोन ते पाच मायक्रॉन व्यासाची असल्याने त्यांतील अनेक फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. मळणी, पोती उलथणे, तणस हलविणे आणि कोठार झाडणे या कामांत ती फार मोठ्या संख्येने उडतात. त्यांतून दमा व नासिकाशोथ होतात. वारंवार संपर्क आल्यास अतिसंवेदी फुप्फुसशोथही होऊ शकतो. पाश्चात्त्य वैद्यकात तो ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ या नावाने परिचित आहे. उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीट जीवाणूंखेरीज वॉलेमिया सेबी आणि ग्लॉकस गटातील ॲस्परजिलस यांचाही त्याच्याशी संबंध जोडला जातो. कामानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला व धाप ही लक्षणे येतात आणि एक-दोन दिवसांत ओसरतात. त्यामुळे ती सर्दी-पडसे म्हणून दुर्लक्षिली जातात; पुढे फुप्फुसात तंतुमयता आल्यावर मात्र ती भरून निघत नाही. नाकावर बांधलेले उपरणे या आकाराच्या बीजुकांना अडवू शकत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणी-मुखपट्टा लागतो.

दुसरा मार्ग त्वचेचा व डोळ्याचा. मिठागरांतील हॉर्टिया वर्नेकाय हे काळे यीस्ट तळहातावर वा तळपायावर टिनिया नायग्रा नावाचा वेदनारहित, तपकिरी-काळा डाग निर्माण करते. ते त्वचेच्या केवळ शृंगस्तरात राहते आणि साध्या बाह्योपचाराने जाते. परंतु हा डाग मेलॅनोमा या कर्करोगासारखा दिसत असल्याने अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो. त्वचेचे खरवडण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता शंका फिटते. हा विकार मुख्यतः किनारी प्रदेशातला आहे. त्वचेखालील संसर्गाची उदाहरणे विरळ आहेत. तथापि भारतातील एका रुग्णात वॉलेमिया सेबीमुळे असा संसर्ग झाल्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या रुग्णाची प्रतिकारशक्ती शाबूत होती. रामटेकच्या धानपट्ट्यात अधिक लक्ष द्यावे असा विकार म्हणजे कवकजन्य नेत्रपटलशोथ. मळणीच्या वेळी तूस डोळ्यात जाऊन बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्यातून कवक शिरते. अशा विकारात फ्युझेरियम व ॲस्परजिलस फ्लेव्हस यांसारखी कवके प्रामुख्याने आढळतात. निदानाविना स्टेरॉइडयुक्त थेंब घातल्यास रोग बळावतो व दृष्टी जाऊ शकते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मार्ग विषांचा. पक्की शुष्कताप्रिय कवके अफलाटॉक्सिन निर्माण करीत नाहीत. ते काम ॲस्परजिलस फ्लेव्हसचे आहे, आणि त्याला त्यासाठी ०.८२ ते ०.८५ किंवा त्याहून अधिक जलसक्रियता लागते. आधीच्या विभागात वर्णिलेला अनुक्रम धान्याला नेमका याच टप्प्यावर आणून सोडतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले, आणि त्याच्या शोधातून अफलाटॉक्सिनांचा पत्ता लागला. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरसटलेला मका खाल्ल्याने सुमारे ४०० व्यक्तींना यकृतशोथ झाला आणि १०६ जण दगावले. अवेळी पाऊस आणि अपुरे वाळविलेले धान्य ही तेथील कारणे होती. हे विष नेहमीच्या शिजविण्याने पुरते नष्ट होत नाही. भातात त्याचे प्रमाण मक्यापेक्षा व भुईमुगापेक्षा सामान्यतः कमी असते. परंतु रोजच्या आहारात भात मोठ्या प्रमाणावर असेल तेथे अल्प प्रमाणही दीर्घकाळात उपेक्षणीय राहत नाही.

प्रयोगशाळेतील दक्षता

या कवकांच्या अभ्यासात एक पद्धतिविषयक अडचण आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती आरंभीच ध्यानी घ्यावी. सॅबूरॉ किंवा बटाटा-डेक्स्ट्रोज यांसारख्या प्रचलित माध्यमांची जलसक्रियता ०.९९ च्या वर असते. त्यांवर पक्की शुष्कताप्रिय कवके वाढत नाहीत, किंवा वेगवान बुरशांखाली झाकली जातात. परिणामी ‘वाढ नाही’ असा अहवाल मिळतो आणि नमुना निर्दोष समजला जातो. हॉकिंग व पिट यांनी १९८० साली सुचविलेले डायक्लोरान व १८ टक्के ग्लिसरॉलयुक्त माध्यम सर्वसाधारण कामासाठी योग्य आहे. त्याची जलसक्रियता ०.९५५ असते. त्याहून कोरडे माध्यम हवे असल्यास माल्ट, यीस्ट-अर्क व ५० टक्के ग्लुकोज असलेले ०.८९ चे माध्यम वापरावे, आणि लवणप्रिय जातींसाठी मीठयुक्त माल्ट-आगर. नमुना शुद्ध पाण्यात विरळ केल्यास तर्षणाच्या धक्क्याने पेशी फुटण्याची भीती असते. म्हणून विरलनासाठी ग्लिसरॉलयुक्त द्रव घ्यावा किंवा दाणे थेट माध्यमावर ठेवावेत. पात्रे २५ अंशांवर किमान तीन आठवडे राखावीत. पाचव्या दिवशी टाकून दिलेले पात्र या वर्गाविषयी काहीही सिद्ध करीत नाही. जुने वाङ्मय चाळताना एवढे लक्षात ठेवावे की, ग्लॉकस गटातील ज्या जाती पूर्वी युरोशियम या नावाखाली येत त्या २०११ च्या नामकरण-संहितेनंतर ॲस्परजिलस या एकाच वंशात गणल्या जातात.

उपसंहार

वाळविणे व खारविणे या दोन्ही क्रियांनी कवकांचा समूळ नायनाट होत नाही. कोणत्या कवकाला वाव मिळावा एवढेच त्यांनी ठरते. वाव मिळालेले कवक मंद, अल्पसंतुष्ट आणि शरीरात सहसा न वाढणारे असले तरी त्याची उपस्थिती ही सूचना असते. धानाची उगवणशक्ती अकारण घटली, पोत्याला किंचित कुबट वास आला, वाळवणावर पांढुरकी झाक दिसली किंवा लोणा लागलेल्या भिंतीवर तपकिरी ठिपके उमटले, तर पाण्याची उपलब्धता ०.७० ची सीमा ओलांडून गेली आहे असे समजावे. या टप्प्यावर धान पुन्हा वाळविले, थप्पी जमिनीपासून व भिंतीपासून अलग केली आणि हवा खेळती ठेवली तर पुढील अनुक्रम खुंटतो. टप्पा ओलांडल्यावर मात्र वाळवून कवकाची वाढ थांबते, विष उरते. आर्द्रतामापकाचा आकडा वाचणे, आणि तो थप्पीच्या मध्यावर न वाचता कोपऱ्यात वाचणे, हा रामटेकच्या धान उत्पादकापासून ग्रंथपालापर्यंत सर्वांना लागू पडणारा सर्वांत स्वस्त प्रतिबंध होय.